नाण्यावरचा विजय : गौतमीपुत्र सातकर्णी

आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. इथलं कापड भडोच बंदरापर्यंत जायचं. हा मुलूख सातवाहनांचा आणि त्यांच्यातला सर्वात पराक्रमी राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. आईचं नाव आधी लावणारा!

नाशिक, जुन्नर, कार्ले हा भाग शक क्षत्रप नहपानाने बळकावला होता. गौतमीपुत्राने तो परत जिंकला. राज्याच्या 18 व्या वर्षी त्याने नाशिकच्या लेण्यातल्या भिक्षूंना शेत दान दिलं. तेच शेत आधी नहपानाच्या जावयाच्या, उषवदाताच्या ताब्यात होतं.

त्याच्या मृत्यूनंतर, नातू पुळुमावीच्या 19 व्या वर्षी, आई गौतमी बलश्रीने त्याच लेण्यात मुलाचा पराक्रम कोरून घेतला. पण आईने केलेलं कौतुक कितपत खरं मानायचं?

उत्तर 1906 मध्ये मिळालं. नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीची 13 हजारांहून जास्त नाणी सापडली, सगळी नहपानाची. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला! एका बाजूला तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. नाणी वितळवलीच नाहीत, त्यामुळे खालचा ठसा पूर्ण पुसला गेला नाही. कुठे नहपानाचं नाक दिसतं, कुठे कडेची ग्रीक अक्षरं, कुठे बाण नि वज्र. झिजलेलं नाणं ओळखायला तेवढं पुरतं. नहपानाचे चेहरेही सारखे नाहीत, कारण साचे हाताने कोरलेले आणि बरेच होते.

आईचा शब्द खरा होता. साक्ष दिली ती हरलेल्या राजाच्याच नाण्यांनी.