पोलाद कापण्याचे शास्त्र शोधणारा फ्रेडरिक टेलर

आपल्या शाळेतील कित्येक पालक उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर काम करतात. कडक पोलादाच्या जॉबला आरशासारखी फिनिश आणणे किती अवघड असते, हे त्यांना विचारा. आज आम्ही ज्याची ओळख करून देत आहोत, त्याने या कामासाठी आयुष्याची 26 वर्षे वेचली.

फ्रेडरिक टेलर यांचा जन्म 20 मार्च 1856 रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात सधन घरात झाला. हार्वर्ड विद्यापीठाची प्रवेश परीक्षा ते उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले. पण रात्री जागून केलेल्या अभ्यासाने डोळे अधू झाले आणि तो मार्ग सोडावा लागला. खचून न जाता 1874 मध्ये ते एका कारखान्यात उमेदवार म्हणून लागले. पुढे 1878 मध्ये मिडवेल पोलाद कारखान्यात साधे कामगार म्हणून शिरले. तेथे बढती मिळवत असतानाच अभ्यास करून 1883 मध्ये त्यांनी इंजिनिअरिंगची पदवी घेतली.

कोणत्या टूलने, किती वेगाने, किती खोल कट घ्यावा, हे तेव्हा प्रत्येक कारागीर आपल्या अंदाजाने ठरवी. टेलर यांनी 1880 मध्ये रेल्वे इंजिनाच्या चाकांच्या कठीण पोलादी धावांवर प्रयोग सुरू केले. सहा महिन्यांत काम आटोपेल असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात बारा वेगवेगळ्या गोष्टींचा परिणाम तपासावा लागला. एक बदलायची, तर बाकीच्या अकरा तशाच ठेवायच्या! या प्रयोगांत सुमारे 3,60,000 किलो लोखंड व पोलाद कापले गेले.

त्यातून काय हाती आले? टूलच्या टोकाला गोलाई दिली तर थरथर कमी होते. थरथर झाली की पृष्ठभागावर लाटा उठतात, म्हणून फिनिशच्या दृष्टीने हे मोलाचे होते. कापण्याच्या जागी पाण्याची जोरदार धार सोडली, तर वेग 30 ते 40 टक्के वाढवता येतो, हेही दिसले. पुढे बेथलेहेम येथे मॉन्सेल व्हाइट यांच्यासह त्यांनी खास पोलादाची टूल वितळण्याच्या बेतापर्यंत तापवून पाहिली. इतक्या उष्णतेने टूल बिघडते, अशी सर्वांची समजूत होती. पण ती टूल लालबुंद होऊनही कापत राहिली! 1900 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात हे पाहून लोक थक्क झाले. हेच हायस्पीड स्टील.

आज कडक केलेल्या पोलादासाठी सीबीएनची टूल आली आहेत. तरी एकेक गोष्ट मोजून पाहण्याची रीत तीच आहे. गणिताच्या हिशेबाने फीड निम्मा केला, तर टूलच्या खुणांची खोली चौथाई होते. मात्र मशीन थरथरत असेल, तर हा हिशेब कागदावरच राहतो.

टेलर यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टूलप्रमाणे त्यांनी माणसाचे कामही घड्याळ लावून मोजले. त्यातून उत्पादन वाढले, पण कामगार दुखावले. 1911 मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात या पद्धतीविरुद्ध संप झाला. संसदेच्या समितीने चौकशी केली आणि टेलर यांना तिच्यासमोर साक्ष द्यावी लागली. 21 मार्च 1915 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्रातून आम्हांला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. अंदाजावर न थांबता मोजून पाहावे, ही पहिली. आणि पोलादाला लावलेले माप माणसाला जसेच्या तसे लावू नये, ही दुसरी. आज संध्याकाळी वडील कामावरून परतले, की त्यांच्या टूलच्या टोकाला गोलाई किती असते, ते जरूर विचारा. पुस्तकात नसलेले पुष्कळ काही कळेल.