चित्रकथाकार ओसामु तेझुका

जातककथांच्या प्रवासाचा मागोवा घेणारा अभ्यासक सामान्यतः पाली, संस्कृत, चिनी व तिबेटी ग्रंथांपाशी थांबतो. परंतु यांपैकी एक कथा विसाव्या शतकात मुलांच्या मासिकांतील चित्रमालिकांच्या वाटेने असंख्य जपानी वाचकांपर्यंत नव्याने पोहोचली, आणि ती पोहोचविणारा कलावंत शिक्षणाने वैद्य होता. ओसामु तेझुका यांना जपानमध्ये आधुनिक मांगाचे, म्हणजे चित्रकथेचे, आणि दूरचित्रवाणीवरील अ‍ॅनिमेचे, म्हणजे चित्रांना गती देऊन घडविलेल्या कथापटांचे, प्रवर्तक मानले जाते. साहित्याच्या इतिहासात त्यांना स्थान द्यावे की नाही, हा प्रश्न त्यांच्या चरित्राकडे पाहिल्याशिवाय सुटणारा नाही.

तेझुकांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळील तोयोनाका येथे झाला. बालपण ताकाराझुका या गावी गेले. केवळ स्त्रियांनी सर्व भूमिका करावयाच्या अशा संगीत रंगभूमीसाठी हे गाव प्रसिद्ध आहे, आणि आईबरोबर ते प्रयोग पाहण्याचा योग त्यांना वारंवार येई. वडिलांनी घरी चित्रपटदर्शक यंत्र आणले होते. तिसरा छंद कीटकांचा. एका भुंगेऱ्याचे जपानी नाव आपल्या नावाशी जुळते असे आढळताच त्यांनी स्वतःच्या नावापुढे कीटकवाचक चिनी अक्षर जोडले. हेच पुढे त्यांचे लेखननाम झाले. रंगभूमी, चित्रपट आणि जीवसृष्टी या तिन्ही गोष्टी त्यांच्या कलेत अखेरपर्यंत टिकल्या.

महायुद्धाच्या काळात शाळकरी मुलांना कारखान्यांत कामास जुंपण्यात आले. जून १९४५ मध्ये ओसाकावर झालेल्या बाँबवर्षावातून तेझुका थोडक्यात वाचले. प्रेतांनी भरलेले शहर त्यांनी सोळाव्या वर्षी पाहिले. त्याच काळात हातांना झालेल्या गंभीर रोगसंसर्गातून वैद्यांनी त्यांना बरे केले होते. जिवंत राहणे ही साधी गोष्ट नव्हे, हा अनुभव दोन्ही बाजूंनी त्यांच्या वाट्यास आला. ओसाका विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच, १९४६ च्या जानेवारीत, त्यांची पहिली चित्रमालिका मुलांच्या वृत्तपत्रात सुरू झाली. १९४७ मध्ये आलेल्या ‘शिन ताकाराजिमा’ या स्वस्त पुस्तकाने तर एक पिढी भारावून गेली. १९५१ मध्ये शिक्षण पूर्ण झाल्यावर वैद्यकी की चित्रकथा असा पेच उभा राहिला, तेव्हा आवडते तेच करावे असा सल्ला आईने दिला. तथापि वैद्यकाशी नाते तुटले नाही. १९६१ मध्ये गोगलगाईच्या शुक्रपेशींवरील प्रबंधासाठी त्यांना नारा येथील वैद्यकीय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

तेझुकांनी चित्रकथेस काय दिले याचे उत्तर बहुधा तंत्राच्या भाषेत दिले जाते. चित्रपटाप्रमाणे दूरचे व जवळचे दृश्य योजणे, एकाच क्षणाचे अनेक चौकटींत विभाजन करणे, एखाद्या नाटक मंडळीतील नटांप्रमाणे तीच पात्रे निरनिराळ्या कथांत निरनिराळ्या भूमिकांत आणणे, हे सारे खरे आहे. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, मुलांच्या करमणुकीच्या या प्रकाराला त्यांनी मृत्यू पेलण्याची शक्ती दिली. १९५० ते १९५४ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘जंगुरु ताइतेइ’ या मालिकेचा नायक लिओ हा पांढरा सिंह. अखेरीस हिमवादळात सापडलेल्या मानवी मित्राने आपले मांस खाऊन व कातडे पांघरून जगावे, म्हणून तो स्वतःचा देह देतो.

शशजातक ज्यांना परिचित आहे त्यांना येथे क्षणभर थांबावेसे वाटेल. भुकेल्या अतिथीसाठी अग्नीत उडी घेणारा ससा बाराव्या शतकातील ‘कोंजाकु मोनोगातारी’ या कथासंग्रहातून जपानी मनात स्थिरावला आहे. आपल्याप्रमाणेच जपानी मुलालाही चंद्रावर ससाच दिसतो. लिओची रचना करताना ही कथा तेझुकांच्या मनात होती असे सिद्ध करता येणार नाही. परंतु अठरा वर्षांनंतर, १९७२ मध्ये, त्यांनी ‘बुद्ध’ या दीर्घ चित्रकथेस आरंभ केला तेव्हा तिच्या प्रारंभीच या सशाची कथा योजिली, हे मात्र निश्चित.

मधल्या काळात त्यांची कीर्ती वाढविली ती ‘तेत्सुवान आतोमु’ने. १९५२ मध्ये, हिरोशिमानंतर अवघ्या सात वर्षांनी, अणुशक्तीवर चालणारा यंत्रबालक त्यांनी निर्माण केला. अपघातात मुलगा गमावलेला शास्त्रज्ञ त्याच्या प्रतिमेचा यंत्रपुत्र घडवितो; पण तो वाढत नाही म्हणून त्याला विकून टाकतो. १९६३ च्या १ जानेवारीस या कथेचे दूरचित्रवाणीवर रूपांतर सुरू झाले आणि चार वर्षांत १९३ भाग झाले. शेवटच्या भागात आतोमही पृथ्वीच्या रक्षणासाठी सूर्याकडे झेप घेतो.

या यशाची दुसरी बाजू विसरता येत नाही. दर आठवड्यास अर्ध्या तासाचा भाग द्यावयाचा म्हणून चित्रांची संख्या कमी करण्यात आली, तीच चित्रे पुन्हा वापरण्यात आली, आणि भाग खर्चापेक्षा कमी मोबदल्यात विकण्यात आले. अ‍ॅनिमेचा उद्योग त्यामुळे उभा राहिला. पण अल्प वेतन आणि अपार श्रम हीच त्याची रीत होऊन बसली. हायाओ मियाझाकी यांनी १९८९ मध्ये, तेझुकांच्या मृत्यूनंतर, यासाठी त्यांना उघडपणे दोष दिला. तेझुकांची ‘मुशी’ ही निर्मितिसंस्थाही १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यापूर्वीच, १९७१ मध्ये, त्यांनी तिचे अध्यक्षपद सोडले होते. देहदानाच्या कथा सांगणाऱ्या कलावंताने आपल्या व सहकाऱ्यांच्या देहांस विश्रांती दिली नाही, हा विरोध त्यांच्या चरित्रात आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही.

आता आपला काळ संपला असे समजले जात असतानाच त्यांचे श्रेष्ठ लेखन झाले. १९७३ पासून परवाना नसलेल्या शल्यचिकित्सकाची ‘ब्लॅक जॅक’ ही मालिका आली. ‘बुद्ध’ १९८३ पर्यंत चालू राहिली. तिच्यात सिद्धार्थाच्या जन्माआधी चाप्रा हा दास आणि तात्ता हा अंत्यज मुलगा आपल्याला भेटतात. जातिव्यवस्थेखाली भरडलेल्या जीवांच्या बाजूने कथा सुरू होते. कालविपर्यास आणि विनोद यांचीही रेलचेल आहे. आधारग्रंथांशी काटेकोर निष्ठा शोधणाऱ्याची निराशा होईल. मराठी वाचकाला मात्र धर्मानंद कोसंबींचे स्मरण होईल, कारण बुद्धचरित्रातील अद्भुताखालचे सामाजिक वास्तव शोधण्याची ओढ दोघांतही आहे. कोसंबी ते पुराव्याच्या शिस्तीने शोधतात, तेझुका कल्पनेच्या स्वातंत्र्याने. हा संबंध प्रभावाचा नव्हे, समांतर वृत्तीचा आहे.

अखेरच्या आजारात त्यांना जठराचा कर्करोग झाला होता. त्या काळच्या जपानी रिवाजानुसार निदान त्यांच्यापासून लपविण्यात आले. वैद्यकाच्या पदवीधराला स्वतःचा रोग सांगितला गेला नाही. रुग्णशय्येवरही ते काम करू देण्याची विनंती करीत राहिले. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जन्ममरणाच्या चक्रावरील ‘हि नो तोरी’ ही जीवनभराची मालिका अपुरीच राहिली.

कोदान्शा या प्रकाशनसंस्थेने काढलेली त्यांची समग्र चित्रकथा ४०० खंडांची आहे. एवढ्या विस्तारात सर्वच सारखे मोलाचे नाही. पण आर्यशूराच्या ‘जातकमाले’तील ससा, हिमवादळातील सिंह आणि सूर्याकडे झेपावणारा यंत्रबालक यांना एका रांगेत पाहिल्यावर, चित्रकथा साहित्याच्या कक्षेबाहेरची असे म्हणणे कठीण जाते. कथेची परंपरा माध्यम विचारीत नाही. तिला सांगणारा हवा असतो.