ओल्ड ट्रॅफर्डचा शिल्पकार

दरवर्षी सहा फेब्रुवारीला म्युनिक शहराच्या ट्रुडरिंग भागातील एका छोट्या चौकात लाल-पांढरे मफलर गळ्यात घातलेली माणसे जमतात. थंडी असते, अनेकदा बर्फही असतो. इंग्लंडहून काही जण येतात, परंतु सर्वच इंग्रज नसतात. २००८ पासून या चौकाचे नाव 'मँचेस्टरप्लाट्झ' असे आहे. येथून जवळच १९५८ मध्ये एक विमान कोसळले होते. जमलेल्यांपैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता आणि मँचेस्टर शहराशी त्यांचे नातेगोतेही नाही. असे असूनही ही माणसे एका इंग्लिश फुटबॉल क्लबसाठी हळवी का होतात, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की पावले सर मॅट बस्बी यांच्या आयुष्याकडे वळतात.

बस्बी स्वतः मँचेस्टरचे नव्हते. २६ मे १९०९ रोजी स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यात, बेल्शिलजवळच्या ऑर्बिस्टन या खाणकामगारांच्या वस्तीत त्यांचा जन्म झाला. घर दोन खोल्यांचे. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सच्या आघाडीवर गेले आणि एप्रिल १९१७ मध्ये आरास येथे शत्रूच्या बंदुकधाऱ्याने त्यांचा वेध घेतला. मॅट तेव्हा आठ वर्षांचाही नव्हता. पुढे तो स्वतःही खाणीत उतरला. घरात अमेरिकेला स्थलांतर करण्याचे घाटत होते. कागदपत्रे सरकारदरबारी अडकली होती, तेवढ्यात १९२८ च्या फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीचे बोलावणे आले. आठवड्याला पाच पौंड पगार, करार एक वर्षाचा आणि वर्षानंतरही अमेरिकेला जावेसे वाटले तर जाण्याची मुभा. ते वर्ष लांबतच गेले.

ज्या क्लबचे नाव बस्बींमुळे जगभर झाले, त्याच्या शहरातील प्रतिस्पर्ध्याकडून ते घडले, ही गंमत मँचेस्टरमध्ये अजूनही चवीने सांगितली जाते. सुरुवातीची वर्षे कठीण गेली. घराची आठवण, दुखापती आणि आक्रमक फळीत न बसणारा खेळ. त्यांना हाफबॅकच्या जागी खेळवून पाहिले गेले आणि सूर सापडला. १९३४ मध्ये पोर्टस्मथला २-१ असे हरवून सिटीने एफए कप जिंकला, त्या संघात बस्बी होते. १९३६ मध्ये आठ हजार पौंडांना ते लिव्हरपूलकडे गेले. दुसऱ्या महायुद्धाने त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपवली. युद्धाच्या अखेरीस इटलीत बारी येथे त्यांनी सैनिकांपुढे बोलणारा जिमी मर्फी हा वेल्श प्रशिक्षक पाहिला आणि पुढे पहिला सहकारी म्हणून त्यालाच निवडले.

फेब्रुवारी १९४५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्यांच्यापुढे व्यवस्थापकपदाचा प्रस्ताव ठेवला. त्या वेळी या क्लबकडे मोहात पाडण्यासारखे काही नव्हते. डोक्यावर कर्ज होते आणि १९४१ च्या मार्चमध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्ड मैदान उद्ध्वस्त झाले होते. घरचे सामने १९४९ पर्यंत सिटीच्या मेन रोडवर खेळावे लागले. बस्बींनी तीन वर्षांच्या कराराऐवजी पाच वर्षे मागून घेतली. संघनिवड, खेळाडूंची खरेदी-विक्री आणि सराव यांत संचालकांनी हात घालू नये, ही अटही घातली. कोट-टाय घालून कचेरीत बसणाऱ्या व्यवस्थापकांच्या त्या काळात हा माणूस खेळाडूंसोबत मैदानात पळत असे.

फळ तीन वर्षांत मिळाले. १९४८ मध्ये ब्लॅकपूलला ४-२ असे नमवून युनायटेडने एफए कप जिंकला. कर्णधार होता डब्लिनचा जॉनी कॅरी. १९५२ मध्ये तब्बल ४१ वर्षांनी लीगचे विजेतेपद आले. मात्र हा संघ वयस्क झाला होता. नवे खेळाडू विकत घेण्याऐवजी बस्बी आणि मर्फी यांनी शाळकरी वयातील मुले हेरून ती क्लबमध्ये वाढवण्याचा मार्ग धरला. त्यांतूनच डंकन एडवर्ड्स, एडी कोलमन, डेव्हिड पेग, बॉबी चार्ल्टन ही मुले पुढे आली. डब्लिनच्या कॅब्रा भागातून लियम ऊर्फ बिली व्हेलन आला. वर्तमानपत्रांनी त्यांना 'बस्बी बेब्स' म्हटले. बस्बींना ते नाव फारसे रुचले नाही, पण नाव टिकले. १९५६ आणि १९५७ अशी सलग दोन वर्षे लीग या पोरांनी जिंकली.

येथेच बस्बींनी आयुष्यातील सर्वांत धाडसी आणि त्यांच्या स्वतःच्या दृष्टीने सर्वांत महागात पडलेला निर्णय घेतला. युरोपियन कप ही स्पर्धा १९५५ मध्ये सुरू झाली, तेव्हा इंग्लिश फुटबॉल लीगने विजेत्या चेल्सीला त्यापासून दूर राहण्यास सांगितले होते व चेल्सीने ते ऐकले. इंग्लंडबाहेरच्या फुटबॉलला फार किंमत देऊ नये, अशी तेथील धुरीणांची वृत्ती होती. पुढच्या वर्षी लीगची नाराजी पत्करून बस्बी युरोपात उतरले. सप्टेंबर १९५६ मध्ये मेन रोडवर बेल्जियमच्या अँडरलेख्टचा १०-० असा धुव्वा उडाला. उपान्त्य फेरीत रेआल माद्रिदने रोखले, पण खंडातील प्रेक्षकांनी या पोरांचा खेळ पाहिला होता. इंग्लिश क्लबला परदेशात चाहते मिळण्याची सुरुवात उपग्रह वाहिन्यांनी झाली, असे मानले जाते. खरे तर एका व्यवस्थापकाच्या हट्टाने ती त्याच्या बरीच आधी झाली होती.

या हट्टाला वेळापत्रकाचा काच होता. आठवड्याच्या मध्यास युरोपात खेळायचे आणि शनिवारच्या लीग सामन्यासाठी वेळेवर परतायचे. डिसेंबर १९५७ मध्ये प्रागहून परतताना धुक्यामुळे संघाला ॲमस्टरडॅममार्गे बोटीने यावे लागले होते. पुन्हा तसे नको म्हणून बेलग्रेडच्या सामन्यासाठी क्लबने स्वतंत्र विमान ठरवले. रेड स्टारशी ३-३ अशी बरोबरी झाली आणि संघ उपान्त्य फेरीत पोहोचला. परतीच्या वाटेवर ६ फेब्रुवारी १९५८ रोजी इंधन घेण्यासाठी विमान म्युनिकला उतरले. उड्डाणाचे दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या प्रयत्नात धावपट्टीवरील अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलाने वेग खाल्ला आणि विमान कुंपण तोडून एका घरावर आदळले. विमानातील ४४ जणांपैकी २३ दगावले. त्यांत आठ खेळाडू, क्लबचे तीन कर्मचारी आणि आठ पत्रकार होते. एडवर्ड्स पंधरा दिवस झुंजला, त्याचे वय २१ होते. व्हेलनचे पार्थिव डब्लिनला नेण्यात आले आणि ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत विसावले. २००६ मध्ये कॅब्रातील रेल्वेपुलाला त्याचे नाव देण्यात आले.

बस्बींना रुग्णालयात दोनदा अंत्यविधीचा संस्कार देण्यात आला, इतकी त्यांची अवस्था गंभीर होती. शुद्धीवर आल्यावर त्यांच्यापासून बातमी दडवून ठेवली गेली. अखेर त्यांनी पत्नी जीनला एकेक नाव विचारले आणि तिने केवळ मान हलवून कोण आहे, कोण नाही ते सांगितले. लीगचा विरोध असताना या पोरांना युरोपात आपणच नेले, ही टोचणी त्यांना लागली. फुटबॉलचे तोंड पाहायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. गेलेल्या मुलांना हे आवडले नसते, असे समजावून जीननेच त्यांना परत उभे केले.

मँचेस्टरमध्ये तोवर मर्फी संघ सावरत होते. वेल्सच्या सामन्यामुळे ते बेलग्रेडला गेले नव्हते. अपघातानंतर तेराव्या दिवशी शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध कपचा सामना होता. माहितीपत्रकात युनायटेडच्या अकरा खेळाडूंच्या जागा कोऱ्या छापल्या होत्या, कारण कोण खेळणार हेच छापताना ठाऊक नव्हते. साठ हजारांच्या आसपास माणसे आली, संघ ३-०ने जिंकला आणि शे ब्रेनन या नवख्याने दोन गोल केले. मे महिन्यात संघ अंतिम फेरीतही पोहोचला, मात्र बोल्टनकडून हरला. तो सामना पाहायला बस्बी काठी टेकत आले होते.

या बातम्यांनी युरोपभर हळहळ पसरली. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, भूमध्य समुद्रातील माल्टा या चिमुकल्या बेटावर युनायटेडचा चाहता मंडळ स्थापन झाला. जगातील सर्वांत जुन्या चाहता मंडळांत त्याची गणना होते. आयर्लंडमध्ये तर व्हेलनच्या रूपाने दुःख घरचेच होते. नावारूपाला येण्याआधीच संपलेल्या मुलांबद्दलच्या या मायेला विजयाची अट नव्हती. अर्थात या दुःखाची दुसरी बाजूही आहे. क्लबचे नाव ज्या शोकावर मोठे झाले, त्या अपघातातील बचावलेल्यांना आणि मृतांच्या कुटुंबांना पुरेसे मिळाले नाही, ही खंत अनेक वर्षे धुमसत राहिली. त्यांच्यासाठी मदतीचा सामना भरला तो १९९८ मध्ये, चाळीस वर्षांनी.

बस्बींनी दुसऱ्यांदा संघ उभारला. १९६२ मध्ये तोरिनोकडून डेनिस लॉ आला, बेलफास्टमधून जॉर्ज बेस्ट हा सडपातळ मुलगा आला आणि १९६५ व १९६७ मध्ये लीग जिंकली गेली. मार्च १९६६ मध्ये लिस्बनमध्ये बेनफिकाला ५-१ असे हरवताना बेस्टने जे केले, त्यावर लिस्बनकरच भाळले. बीटल्सशी साधर्म्य दाखवणारे नाव त्याला मिळाले, आणि फुटबॉलपटू हा गायकांसारखा लोकप्रिय होऊ शकतो, हे प्रथमच दिसले.

युरोपियन कप मात्र राहिला होता. १९६८ च्या उपान्त्य फेरीत माद्रिदमध्ये निर्णायक गोल केला तो बिल फोल्क्स याने. हा बचावपटू गोल करण्यासाठी ओळखला जात नव्हता आणि तो म्युनिकमधून जिवंत परतला होता. २९ मे १९६८ रोजी वेम्ब्लीवर ९२ हजार प्रेक्षकांसमोर बेनफिकाचा जादा वेळेत ४-१ असा पराभव झाला. दोन गोल म्युनिकमधून बचावलेल्या चार्ल्टनचे होते. संघात शे ब्रेननही होता, दहा वर्षांपूर्वी कोऱ्या जागा भरणाऱ्यांपैकी एक. युरोपियन कप जिंकणारा हा पहिला इंग्लिश क्लब ठरला आणि त्याच वर्षी बस्बी 'सर' झाले. नॉर्वे, स्वीडनमध्ये शनिवारी इंग्लिश सामन्यांचे थेट प्रक्षेपण सुरू झाले ते १९६९ च्या अखेरीस. तेथील घराघरांत इंग्लिश क्लब पोहोचले, तेव्हा युनायटेडची ही कथा ताजी होती.

शेवटचा अंक तितका देखणा नाही. १९६९ मध्ये त्यांनी व्यवस्थापकपद सोडले, पण क्लब सोडला नाही. त्यांच्या उंच सावलीत विल्फ मॅकगिनेस या वारसदाराची कोंडी झाली. १९७० च्या डिसेंबरमध्ये बस्बींनाच काही महिन्यांसाठी परत यावे लागले. १९७४ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. नवल असे, की त्या मोसमातही ओल्ड ट्रॅफर्डवर सरासरी ४८ हजार प्रेक्षक येत होते आणि देशातील कोणत्याही क्लबपेक्षा ही संख्या मोठी होती.

१९८० पासून ते क्लबचे अध्यक्षपद भूषवीत होते. मे १९९३ मध्ये, २६ वर्षांनी, युनायटेडने पुन्हा लीग जिंकली ती पाहण्यासाठी ते मैदानात होते. नव्या प्रीमियर लीगचे ते पहिलेच वर्ष होते. पुढे हेच सामने ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्सवरून मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत आले आणि ओल्ड ट्रॅफर्ड कधीही न पाहिलेली मुले लाल जर्सी घालून शनिवारी रात्री टीव्हीसमोर बसू लागली. बस्बींनी ते पाहिले नाही. २० जानेवारी १९९४ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मँचेस्टरच्या सदर्न सिमेटरीत पत्नी जीनशेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांच्या हयातीतच, १९९३ मध्ये, त्यांचे नाव देण्यात आले होते. सामन्याच्या दिवशी त्या रस्त्यावर नॉर्वेजियन, आयरिश, माल्टीज असे नाना देशांचे चाहते कोपराला कोपर लावून चालताना दिसतात.