लाल फुलाच्या बाई : मोइना मायकेल



डिसेंबर आला की शाळेत ध्वजदिन निधी गोळा होतो. आमच्या बाळकुमच्या मुलांच्या खिशालाही छोटा ध्वज लागतो. पैसे आईबाबांनी दिलेले, ध्वज छापून आलेला. मग मुलाने स्वतः काय दिलं? हा प्रश्न पडला की मला एक शिक्षिका आठवतात, मोइना मायकेल. आज त्यांची ओळख करून घेऊया.

जन्म आणि शिक्षकी पेशा

मोइनाबाईंचा जन्म १५ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात झाला. तारीख बघा, मुलांच्या लगेच लक्षात राहील! अगदी लहान वयात त्या शिकवू लागल्या आणि पुढे जॉर्जिया विद्यापीठापर्यंत पोहोचल्या. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या युरोपात होत्या. तिथे अडकलेल्या अमेरिकन प्रवाशांना मायदेशी परतायला त्यांनी मदत केली. पुढे अमेरिकाही युद्धात उतरली, तेव्हा त्या रजा घेऊन न्यूयॉर्कला स्वयंसेविका म्हणून गेल्या.

एक कविता आणि दहा डॉलर

९ नोव्हेंबर १९१८. युद्ध थांबायला दोनच दिवस उरले होते. एका मासिकात त्यांनी कॅनडाचे सैनिकी डॉक्टर जॉन मॅक्रे यांची कविता वाचली. तिच्यात सैनिकांच्या थडग्यांमध्ये फुललेल्या लाल पॉपीचं वर्णन आहे. पॉपी म्हणजे आपल्या खसखशीच्या कुळातलं रानफूल. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि माती उकरली गेली की उगवतं. तोफांनी नांगरलेल्या रणभूमीवर म्हणूनच ती लाल फुलं दाटून आली.

हे फूल आपण कायम छातीला लावायचं, असं बाईंनी त्याच दिवशी ठरवलं. तिथे आलेल्या प्रतिनिधींनी त्यांना त्यांच्या कामाबद्दल दहा डॉलर दिले होते. बाईंनी त्यातून रेशमी पॉपी आणल्या, एक स्वतः लावली आणि बाकीच्या वाटल्या.

आठवणीवर चूल पेटत नाही

खरी गोष्ट पुढेच आहे हं. युद्धानंतर बाई परत शिकवू लागल्या. आता त्यांच्या वर्गात युद्धात अपंग झालेले जवान होते. नुसती आठवण काढून यांच्या घरची चूल पेटणार नाही, हे त्यांना समोर दिसलं. मग फूल विकून मदत उभी करायची, असं त्यांनी मनावर घेतलं.

काम सोपं नव्हतं. मशाल आणि पॉपी असलेलं एक चिन्ह त्यांनी तयार करून घेतलं, पण ते लोकांनी उचललं नाही. बाई मात्र थांबल्या नाहीत. १९२० साली माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन या संघटनेने पॉपी स्वीकारली. फ्रान्सच्या आना गेरँ यांनी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या भागातल्या विधवा आणि मुलांकडून कापडी फुलं करून घेतली. १९२१ मध्ये ती ब्रिटनमध्ये विकली गेली. १९२२ पासून लंडनमध्ये अपंग माजी सैनिकच फुलं बनवू लागले. फूल बनवणाऱ्यालाही रोजगार मिळाला, हे विसरू नका.

बाई १० मे १९४४ रोजी वारल्या. १९४८ साली अमेरिकेने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं.

आपला काय संबंध?

त्याच युद्धात ७० हजारांहून जास्त भारतीय सैनिक मेले. आपल्याकडे अपंग सैनिकांना हातचं काम शिकवायला १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. ती आज पुण्याजवळ खडकीला आहे. आपला ध्वजदिन १९४९ पासून ७ डिसेंबरला असतो. त्याचा निधी शहीद जवानांची कुटुंबं, अपंग जवान आणि माजी सैनिकांसाठी वापरला जातो.

वर्गात काय करता येईल?

फेल्टचं कापड घ्या. त्याच्या कडांचे धागे सुटत नाहीत, म्हणून चौथीच्या मुलालाही जमतं. पॉपीच हवी असं नाही, आपला झेंडू करा. केशरी फेल्टची लांब पट्टी घ्या, मधोमध दुमडा, दुमडलेल्या बाजूला जवळजवळ काप द्या. मग पट्टी गुंडाळून तळाशी चार टाके घाला आणि मागे सेफ्टी पिन शिवा. झालं फूल! मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन ही फुलं शाळेतच विका, पैसे ध्वजदिन निधीत भरा आणि पावती वर्गात लावा.

पालकांना एकच विनंती. फूल वाकडं झालं तरी तुम्ही करून देऊ नका. मोइनाबाईंची गोष्ट आधी सांगा आणि मग सुई मुलाच्या हातात द्या. यंदा मुलाला विचारलं की तू काय दिलंस, तर त्याच्याकडे उत्तर असेल.