फ्लॉप सिम्फनीनंतर...

असाइनमेंट दहादा खोडली आणि शेवटी सबमिटच केली नाही, असं झालंय कधी? मग सर्गेई रखमानिनॉफ तुमच्यातलाच!

हा रशियन पठ्ठ्या १८९२ मध्ये मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. वय अवघं १९. पण १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याची पहिली सिम्फनी सादर झाली आणि साफ आपटली. तालमी अपुऱ्या होत्या, तरी त्याचा विश्वास उडाला तो स्वतःवरचाच. समीक्षक सीझर क्युईने तर धुलाईच केली. पुढची जवळपास तीन वर्षं नवं मोठं काही सुचेना.

१९०० मध्ये नातेवाइकांच्या आग्रहावरून तो डॉ. निकोलाय डाल यांच्याकडे गेला. जानेवारी ते एप्रिल, जवळजवळ रोज. संमोहन आणि भरपूर गप्पा. डाल स्वतः हौशी वादक, त्यामुळे विषय संगीताकडे वळायचाच. आधी झोप आणि मूड सुधारायचा, मग लिहिण्याची इच्छा जागवायची, असा बेत. सूर पुन्हा सुचू लागले. १९०१ मध्ये मॉस्कोत त्याने स्वतः पियानोवर बसून दुसरा कॉन्चेर्टो संपूर्ण वाजवला. तो आजही जगभर वाजतो. अर्पण कुणाला? डॉ. डाल यांना!

मग शंका कायमच्या मिटल्या? छे! १९२६ मध्ये पूर्ण केलेला चौथा कॉन्चेर्टो तो १९४१ मध्येही दुरुस्त करत होता. थेरपीने स्वभाव बदलला नाही, पण त्या स्वभावासकट तो कामाला बसू लागला.

तुम्हीही अडलात, तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेटा. लाजायचं कशाला?