ध्येयवादिनी पंडिता रमाबाई

आपल्या धामणगावाहून मनमाड, दौंड करीत पुण्याकडे जाणारी गाडी दौंड सोडते आणि थोड्याच वेळात केडगाव नावाचे लहानसे स्टेशन लागते. (अहिल्यानगरजवळ याच नावाचे दुसरे गाव आहे, हे ते नव्हे.) इ. स. १९०० च्या सुमारास या केडगावच्या माळावर दोन हजारांच्या जवळपास स्त्रिया व मुली राहत होत्या. बहुतेक दुष्काळातून वाचलेल्या. कुणी विधवा, कुणी टाकलेली, कुणाचे आईबाप रस्त्यातच मेलेले. त्या तिथे शेती करीत, कापड विणीत, गाईगुरे सांभाळीत आणि अक्षरे शिकत. ही एवढी वसाहत उभी करणाऱ्या बाईजवळ वडिलोपार्जित जमीन नव्हती, नवरा नव्हता, भाऊ नव्हता, आणि पुढच्या वर्षी धान्य कुठून येणार याची हमीही नव्हती. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे नाव आपण सर्वांनी शाळेच्या इतिहासात वाचलेले असते. आर्य महिला समाज, शारदा सदन, मुक्ती सदन अशी तीन नावे पाठ केली की दोन गुण पदरात पडतात. पण या तीन नावांच्या मधल्या काळात किती वेळा सगळे कोसळले आणि किती वेळा त्यांनी पहिल्यापासून आरंभ केला, हे पुस्तकात येत नाही. त्यांची ख्रिस्तावरची श्रद्धा तर अर्ध्या वाक्यात उरकलेली असते, जणू ती चरित्रातली एक अडचणीची बाब आहे! मी स्वतः ख्रिस्ती नाही. तरीही त्यांचे ध्येय आणि त्यांची श्रद्धा एकमेकींपासून सोडवता येत नाही, असे वाचता वाचता माझे मत झाले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्या काळी हा अपराधच! बाईला देवभाषा शिकवल्याबद्दल त्यांना शास्त्र्यांपुढे खुलासे द्यावे लागले, आणि शेवटी अरण्यात जाऊन राहावे लागले. रमाबाई आईजवळ संस्कृत शिकल्या. पुढे घर असे राहिलेच नाही. तीर्थक्षेत्रामागून तीर्थक्षेत्र करीत, पुराण सांगत हे कुटुंब हिंडत राहिले. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला माणसे उरली नाहीत, आणि अंगमेहनतीच्या कामाची सवय कुणालाच नव्हती. झाडाचा पाला खाऊन दिवस काढावे लागले. त्यात आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण गेली. रमाबाई तेव्हा विशीच्या आतच होत्या. उरले त्या आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी शेकडो कोस तुडवले. भुकेची ही ओळख रमाबाई कधी विसरल्या नाहीत. पुढे वीस वर्षांनी ती कशी उपयोगी पडली ते येईलच.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वाटले असेल, आता दिवस पालटले. पण १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे गहजब झाला. सिलचरला संसार मांडला. मनोरमा नावाची मुलगी झाली. नवऱ्याच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक प्रत रमाबाईंच्या हाती लागली, ती याच घरात. लग्नाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर वर्षाच्या आतली मुलगी.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात असे बजावून सांगितले. (आपल्या वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हेही १८८२ चेच. दोन बाया, दोन टोकांना, एकाच वर्षी लिहीत होत्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.) आता रमाबाईंचे ध्येय ठरले होते : विलायतेला जाऊन डॉक्टर व्हायचे. पुस्तकाच्या विक्रीतून वाटखर्च उभा केला आणि १८८३ मध्ये मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. आणि रमाबाईंना कानाचा दोष होता. तो वाढत गेला आणि डॉक्टर होण्याची आशा सोडून द्यावी लागली. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच गेले!

इथे कुणीही परत फिरले असते. रमाबाईंनी मात्र इंग्लंडात एक गोष्ट पाहिली होती. लंडनमधील फुलहॅम येथे या भगिनींनी एक घर चालवले होते. समाजाने वाईट ठरवून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे, प्रेमाने वागवले जाई, पुन्हा उभे केले जाई. आपल्या शास्त्रांत अशा स्त्रीला केवळ दंड आहे, मग या लोकांना ही दया कुठून सुचली, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तर म्हणून त्यांना विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या ख्रिस्ताची गोष्ट दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पैशासाठी धर्म बदलला असे म्हणणाऱ्यांनी हा फुलहॅमचा प्रसंग नीट वाचावा. टाकलेल्या बाईला जागा देणारा देव त्या शोधत होत्या.

बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी मठातील भगिनींना विचारले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशप सांगू लागले तेव्हा त्या चिडल्या. शाकाहार सोडला नाही, पांढरे लुगडे सोडले नाही. इकडे पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. महात्मा फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू घेतली. विलायतेत त्या फार आज्ञाधारक ख्रिस्ती ठरल्या नाहीत आणि पुण्यात हिंदू राहिल्या नाहीत. अशा मधल्या जागी उभे राहणे किती अवघड असेल!

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाला बालवाडीचे शिक्षण पाहिले, उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. हिंदुस्थानात विधवांसाठी शाळा काढावी, दहा वर्षे खर्च आम्ही देऊ, तिथे धर्मशिक्षण असू नये, असे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला चौपाटीवर शारदा सदन उघडले. सुरुवातीच्या मुलींत गोदूबाई नातू नावाची बालविधवा होती. त्याच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या.

१८९० मध्ये सदन पुण्याला आले आणि वादाला तोंड फुटले. रमाबाई सदनात ख्रिस्ती धर्म शिकवीत नव्हत्या. पण स्वतःच्या खोलीत सकाळी प्रार्थना करताना त्या दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी थोर माणसे होती. ती अस्वस्थ झाली. वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला. दार लावले असते तर प्रश्न मिटला असता. त्यांनी लावले नाही. आईने आपल्या घरात चोरून प्रार्थना करायची आणि मुलांना हाकलून लावायचे, हे त्यांना पटेना. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. पालकांची भीती मला समजते. त्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या होत्या, आणि त्या काळी मुलीने धर्म सोडणे म्हणजे ती घराला मेलीच. पण याच पालकांपैकी किती जणांनी आपल्या विधवा मुलीला घरी अक्षर शिकवले असते, हाही प्रश्न मनात येतोच.

बोस्टनच्या दहा वर्षांची मुदत १८९८ ला संपणार होती. पुढे काय? रमाबाईंनी आधीच केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन विहिरी खणल्या होत्या, फळबाग लावली होती. मुदत संपेपर्यंत झाडे फळाला येतील आणि संस्था आपल्या पायांवर उभी राहील असा हिशोब. श्रद्धा म्हणजे हात जोडून बसणे अशी माझी समजूत होती, ती या फळबागेने मोडली. शेतकऱ्याच्या घरातली असल्यामुळे विहीर खणून, कलमे लावून पाच-सात वर्षे वाट पाहणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

झाडे मोठी व्हायच्या आतच १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे मरू लागली. रमाबाईंना आपले आईबाप आठवले. हाती पैसे नव्हते, होत्या त्याच मुलींचा खर्च कसाबसा भागत होता. तरी त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांत त्यांनी पाहिले की तरुण मुलींवर फसवून नेणाऱ्या माणसांचा डोळा आहे. मग त्या मुलींना घेऊन येऊ लागल्या. एकूण तीनशे मुली आणायच्या असा आकडा त्यांनी मनाशी धरला होता! कुणाच्या अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, तोंडात फोड. पुण्यात आणावे तर तिथे प्लेग. १८९७ च्या प्लेगच्या नियमांमुळे नव्या मुली ठेवण्याची मनाई झाली. तेव्हा त्यांना केडगावच्या उघड्या शेतात नेले, तंबू आणि छपऱ्या उभारल्या. अशा रीतीने फळबागेच्या जागी मुक्ती सदन उभे राहिले. ठरवलेले ध्येय एक आणि समोर आलेले काम दुसरे. रमाबाईंनी दुसरे उचलले आणि पहिले त्यात बसवले.

१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या. निश्चित देणगीदार आता नव्हते. जे लागेल ते देवाजवळ मागायचे, आणि मागून झाले की कामाला लागायचे, अशी रीत पडली. फुलहॅमला पाहिलेल्या घरासारखे कृपा सदन केडगावला निघाले. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय झाली. त्यांना ब्रेल शिकवण्याचे काम मनोरमाबाईंनी केले. छापखाना आला आणि बायका खिळे जुळवू लागल्या.

या छापखान्यातूनच त्यांचे शेवटचे काम निघाले, आणि मला तेच सर्वांत धाडसी वाटते. मराठी बायबल आधीपासून होते. पण त्याची भाषा आपल्या केडगावच्या मुलींना कळत नाही असे रमाबाईंना दिसले. म्हणून पन्नाशीच्या आसपास, कानाने जवळजवळ बहिऱ्या झालेल्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास आरंभला आणि मूळ भाषांवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. जिला संस्कृतसाठी ‘सरस्वती’ म्हटले गेले, ती आता एकेक संस्कृत शब्द वेचून बाहेर काढू लागली! पुष्कळांना ती भाषा रुक्ष वाटली, चर्चमधूनही ती फारशी रूढ झाली नाही; त्यात तथ्य असेलही. पण माझ्या आजीला वाचता येत नाही, आणि कुणी वाचून दाखवले तर पुस्तकी भाषेला ती अर्ध्यात कंटाळते. अशा बाईसाठी एका पंडितेने आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षे घालवली, हे मला विसरता येत नाही.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच गेली. रमाबाई पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. ते काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांनी देह ठेवला. सबंध बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये, मुक्तीच्या छापखान्यातून. केडगावचे ते काम आजही चालू आहे.