कलमा आणि कर

धर्म समाज घडवतो, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकतो की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. तपासायचेच असेल तर इतिहासातील असा काळ निवडावा, जेव्हा सत्ता धर्माचे नाव घेणाऱ्यांच्याच हाती होती आणि तरीही राज्यकारभार धर्मापासून दूर सरकत चालला होता. हिजरी सनाच्या पहिल्या शतकाची अखेर हा असा काळ होता. सिंधपासून स्पेनपर्यंत उमय्या घराण्याचे राज्य पसरले होते. खिलाफत मात्र वंशपरंपरेने चालणारी राजसत्ता झाली होती आणि बैतुलमाल, म्हणजे सर्व जनतेची ठेव, राजघराण्याची खाजगी तिजोरी बनू पाहत होती. याच घराण्यात ह. उमर बिन अब्दुल अजीज (रह.) जन्मले.

वडील इजिप्तचे सुभेदार, तर आई दुसरे खलीफा ह. उमर (रजि.) यांची नात. शिक्षणासाठी त्यांना मदीनेत ठेवण्यात आले. केस विंचरण्यात वेळ गेल्याने त्यांची जमाअत चुकली, हे गुरू सालेह बिन कैसान यांनी वडिलांना कळवले, तेव्हा वडिलांनी माणूस पाठवून मुलाचे डोके भादरले, असे चरित्रकार लिहितात. तरीही तारुण्यात उंची वस्त्रे आणि अत्तरे यांचा त्यांना मोठा शौक होता.

हि. 87 (इ.स. 706) मध्ये ते मदीनेचे सुभेदार झाले आणि येताच त्यांनी शहरातील दहा धर्मशास्त्रज्ञांना बोलावून त्यांच्या सल्ल्याने कारभार करण्याचे ठरवले. मस्जिदे नबवीचा विस्तार याच काळातला. परंतु याच काळातील आणखी एक घटना आपण टाळून पुढे जाऊ नये. खलीफा वलीद यांच्या हुकुमावरून त्यांनी खुबैब बिन अब्दुल्लाह बिन जुबैर यांना शंभर फटके मारवले आणि ऐन थंडीत त्यांच्या अंगावर गार पाणी ओतवले. खुबैब त्यातच मरण पावले. पुढे कुणी सत्कृत्यांची स्तुती केली की उमर (रह.) यांना खुबैब आठवत. हुकूम वरून आला होता, ही सबब त्यांनी स्वतःला कधी दिली नाही. महापुरुषांची चरित्रे लिहिताना अशी पाने गाळण्याची आपल्याकडे सवय आहे. मला वाटते, पुढच्या उमरची ओळख याच पानापासून सुरू होते.

हि. 99 (इ.स. 717) मध्ये खलीफा सुलैमान मृत्युशय्येवर होते. रजा बिन हैवा या विद्वानांच्या सल्ल्याने त्यांनी वारसाचे नाव लिहून पत्र मोहोरबंद केले आणि आत कोणाचे नाव आहे हे न सांगताच घराण्याकडून बैअत घेतली. पत्र उघडले तेव्हा राजपुत्र संतापले. ज्याचे नाव निघाले, तो मात्र हादरून गेला. शाही घोडे समोर आणले गेले, ते परत पाठवून हा नवा खलीफा स्वतःच्याच खेचरावर बसला.

सुधारणेचा आरंभ त्यांनी स्वतःच्या घरातून केला. वारशाने आलेल्या जहागिरींची कागदपत्रे तपासून, जे अन्यायाने मिळाले होते ते परत केले. मग नातेवाइकांच्या जहागिरींची पाळी आली आणि घराणे त्यांचे वैरी झाले. मिंबरवरून ह. अली (रजि.) यांना दूषणे देण्याची दुष्ट प्रथा त्यांनी बंद केली. इतिहासकार सांगतात की तिच्या जागी त्यांनी सूरह नहलमधील न्याय, परोपकार आणि आप्तांना देण्याचा आदेश असलेली आयत खुतब्यात आणली. आजही शुक्रवारी खुतब्याच्या अखेरीस ती आपण ऐकतो.

परंतु खरी कसोटी कराची होती. मुस्लिमेतर प्रजेकडून संरक्षणाच्या बदल्यात जिझिया घेतला जाई. इस्लाम स्वीकारला की तो माफ व्हायला हवा. खुरासानपासून इजिप्तपर्यंत अनेक लोक कलमा पढत होते, पण अधिकारी त्यांच्याकडून जिझिया घेणे थांबवत नव्हते. लोक केवळ कर चुकवण्यासाठी मुसलमान होतात, ही त्यांची तक्रार. खुरासानमध्ये तर नवमुस्लिमांची खतना तपासून श्रद्धेची परीक्षा घेण्याची सूचना आली. उमर (रह.) यांनी ती फेटाळली. प्रेषित मुहम्मद (स.) यांना अल्लाहने लोकांना सन्मार्गाकडे बोलावण्यासाठी पाठवले होते, कर गोळा करण्यासाठी नव्हे, असे त्यांनी सुभेदारांना कळवले. तिजोरी रिकामी होईल, ही भीती त्यांना ठाऊक होती आणि ती खोटीही नव्हती. तरीही अरब आणि अरबेतर मुसलमान यांच्यातील भेद कायम ठेवून भरलेली तिजोरी त्यांना नको होती. आपण ज्याला इस्लामी बंधुता म्हणतो, तिची किंमत इथे दिनारांत मोजली गेली.

समरकंदच्या रहिवाशांची हकीकतही याच जातीची. सेनापती कुतैबा यांनी कबूल केल्याविरुद्ध वागून शहर घेतले, अशी त्यांनी तक्रार केली. खलीफांनी प्रकरण काझीकडे सोपवले. काझींनी निकाल दिला तो स्वतःच्या सैन्याविरुद्ध : अरबांनी शहर सोडून छावणीत परतावे, मग नव्याने तह होवो वा युद्ध. तेव्हा रहिवाशांनीच, एकत्र राहण्याची सवय झाली आहे, आता नवे युद्ध नको, म्हणून आहे तेच चालू ठेवले. जिंकलेल्या प्रजेने सम्राटाकडे सेनापतीविरुद्ध दाद मागावी आणि काझीने तिचे ऐकावे, असे त्या शतकात जगात आणखी कुठे घडत होते, हे वाचकांनी शोधून पाहावे.

मदीनेच्या अबू बकर बिन हज्म यांना त्यांनी हदीसा लिहून काढण्याचा आदेश दिला, कारण जाणकार मंडळी एकामागून एक जात होती आणि ज्ञान त्यांच्यासोबत जाण्याची भीती होती. इब्ने शिहाब जुहरी यांच्याकडेही हेच काम गेले. पुढच्या शतकांतील हदीससंग्रहांची पायवाट इथून निघते.

हे सर्व सुमारे अडीच वर्षांत झाले. हि. 101 (इ.स. 720) मध्ये, चाळिशीच्या आसपास, शाम प्रदेशात त्यांचे निधन झाले. त्यांना विष देण्यात आले, असे अनेक चरित्रकार सांगतात. गादीवर आलेल्या यजीद बिन अब्दुल मलिक यांनी त्यांच्या पुष्कळशा सुधारणा मोडीत काढल्या. तिजोरीचे दिवस परतले.

पत्नी फातिमा या खलीफा अब्दुल मलिक यांची कन्या आणि यजीद यांची बहीण. खिलाफत हाती येताच उमर (रह.) यांनी त्यांना निवड करायला सांगितले होते : वडिलांनी दिलेले जडजवाहीर किंवा मी. त्यांनी दागिने बैतुलमालमध्ये जमा केले होते. आता भावाने ते परत देऊ केले. पती हयात असताना जे सोडले, ते त्यांच्या मृत्यूनंतर घेणार नाही, असे सांगून फातिमा यांनी नकार दिला. यजीद यांनी ते घरातल्या इतर स्त्रियांत वाटून टाकले.